बारा कणग्या, बारा वर्षं

फार फार पूर्वी, बांबूच्या उंच कणगीत धान्य आणि पारावर न्याय या दोन्हींची सोय गावातच होती त्या काळी, तीनवेशी नावाच्या गावात भिवरा नावाची एक बुरुडीण राहत होती. तिच्या हातच्या टोपलीत पाणीसुद्धा विचार करून शिरतं, असं लोक म्हणत. लोक वाढवून सांगतात हे खरं, पण टोपली पक्की असायची हेही खरं. भिवराचं बोलणंही तसंच होतं. "करते" म्हणाली की करायची, आणि "व्हनार न्हाई" म्हणाली की ब्रह्मदेव आला तरी व्हायचं नाही.

त्या वर्षी बुरूडआळीचं जुनं बांबूचं बेट फुललं. बांबू आयुष्यात एकदाच फुलतो, आणि फुलला की अख्खं बेट वाळून जातं. फुलं बघून पोरं नाचली. म्हातारे मात्र डोक्याला हात लावून बसले. नवं बेट उगवून तोडीला यायचं म्हणजे दहा-बारा वर्षं. तोवर आळीतल्या सात घरांनी विणायचं काय आणि खायचं काय? गावात दुसरं बेट एकच होतं, ओढ्यापलीकडचं, आणि ते होतं इनामदारांचं.

इनामदार वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांचं तोंड सढळ होतं आणि हात आखडता. आनंद झाला की ते अर्धा गाव वाटून टाकायचे, आणि सकाळी उठून पाहावं तर गाव जागच्या जागी असायचा.

त्यांच्या नातवाचं बारसं होतं. भिवरा पाळणा घेऊन भरदुपारी मांडवात आली. पहिली पंगत उठली होती, दुसरीचा गलका मागच्या अंगणात चालला होता. मांडवात तिघंच: झोपाळ्यावर विडा चघळणारे इनामदार, दारात पाळणा घेऊन उभी भिवरा, आणि खांबाला टेकून बसलेला गावोगाव फिरणारा एक म्हातारा शाहीर. शाहिराचे गुडघे गेले होते, आवाज मात्र शाबूत होता. मनात आलं म्हणून त्यानं डफावर थाप मारली आणि इनामदारांच्या सात पिढ्या एका दमात गाऊन टाकल्या. कोणी गा म्हटलं नव्हतं, कोणी काही ठरवलं नव्हतं.

गाणं संपलं. इनामदारांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वा शाहीर! माझी पांढरी घोडी तुम्हाला दिली समजा. गुडघ्यांना आराम पडेल."

शाहिरानं झोपाळ्याला हात लावून तो कपाळी लावला. मग इनामदारांचं लक्ष पाळण्याकडे गेलं. त्यांनी तो हलवून पाहिला, दाबून पाहिला, उचलून पाहिला.

"भिवरा, तुझा हात म्हणजे हात आहे. माझ्या जमिनीखालच्या पेवांत पाणी शिरलंय, यंदाचं धान्य ठेवायचं कुठं हा घोर लागलाय. सुगी सरायच्या आत बारा कणग्या विणून दे. माझ्या उंचीच्या. बदल्यात ओढ्यापलीकडचं बेट तोडायला दहा वर्षं तुमच्या आळीला."

भिवराला हवं तेच समोरून चालत आलं होतं. पण ती घाईनं होय म्हणाली नाही.

"बारा कणग्या, धनी, तर बारा वर्सं."

इनामदार हसले. "बरं, बारा."

"कबूल," भिवरा म्हणाली आणि पाळणा जागेवर ठेवून निघून गेली.

आळीत जाऊन तिनं सगळं सांगितलं. फुलण्याआधी तोडून ठेवलेला चांगला बांबू आळीत थोडाच उरला होता. अडीअडचणीला विकायला राखलेला शेवटचा साठा तो. सातही घरांनी तो बाहेर काढला. म्हाताऱ्या सासवांनी बांबूच्या पातळ कामट्या सोलल्या, सुनांनी विणल्या, बाप्यांनी बूड बांधलं. दर चार दिवसांनी एक कणगी इनामदारांच्या वाड्यावर जायची, शेणानं सारवून वाळायची, आणि नव्या ज्वारीनं भरली जायची. अशा दहा गेल्या. अकरावी तयार होऊन भिवराच्या दारात उभी होती, बारावी अर्ध्यावर आली होती.

तेवढ्यात शहराचा एक व्यापारी ओढ्यावर उतरला. त्यानं बेटाभोवती एक फेरी मारली, इनामदारांशी गोड गोड बोलला, आणि बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बांबू न्यायला गाड्या घेऊन येतो असं सांगून गेला. ही बातमी भिवराच्या कानावर पडली तशी ती हातातली कामटी टाकून इनामदारांच्या दारी गेली.

"धनी, बेट तर आमाला दिलंय न्हवं?"

"दिलंय? कुणी?" इनामदारांनी भुवया उंचावल्या. "ते होय? अगं, पोटभर जेवलेला माणूस झोपाळ्यावर काय काय बोलतो! त्याच झोपाळ्यावर मी शाहिराला घोडीही दिली. ती गेली का तबेल्यातून? नाही ना? मग बेट तरी कसं जाईल? दहा कणग्यांची मजुरी म्हणून ज्वारी घेऊन जा आणि गप्प बस."

भिवरा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. "ज्वारी ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. पारावर भेटू," म्हणाली आणि वळली.

तीनवेशीत न्याय करायचा तो गावचा मापारी. बाजारात धान्य मापायचं काम त्याचं. मापाला हात लावून तो पहिल्या पायलीला "एक" म्हणायचा नाही, "लाभ" म्हणायचा, मग "दोन", मग "तीन". साठ वर्षं मापून त्याच्या बोटांना अशी सवय लागली होती की चिमूटभर जास्तही नको आणि चिमूटभर कमीही नको. म्हणून लोकांनी भांडणंही त्याच्यापुढेच आणायला सुरुवात केली. पारावर एक कडक रीत होती: जो एकदा खोटं बोलताना सापडला, त्याचा शब्द पुन्हा कधी मापात धरायचा नाही.

पारावर जायच्या आदल्या दिवशी सकाळी शाहीर काठी टेकत भिवराच्या दारी आला. घोडी मागायला गेल्यावर त्यालाही नकारच मिळाला होता.

"भिवराक्का, त्या मांडवात आपुन तिगंच हुतो. तुझा साक्षीदार मी, माझी साक्षीदार तू."

"व्हय, शाहीरदादा."

"मंग सोपं हाय. तू म्हनायचं, 'आधी इनामदार बोलले, गा, घोडी देतो. मंग शाहीर गायला.' एवढंच. मी तुझं बेटाचं समदं खरं खरं सांगतो. एक हात दे, एक हात घे."

भिवरा बांबू चिरत होती. ती थांबली. शाहिराच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे बघून तिला खरंच वाईट वाटलं. तिच्या एका शब्दानं त्याला घोडी मिळाली असती, आणि त्याच्या एका शब्दानं आळीला बेट. सात घरांची चूल त्या एका शब्दावर अडली होती. आणि तो शब्द तरी केवढासा! फक्त मागचं पुढं करायचं होतं.

"पर दादा, तुमी आधी गायलात. घोडीचं नाव मागनं निघालं."

"त्यात काय मोठा फरक?"

"त्योच तर फरक हाय. म्या जे ऐकलं तेच सांगीन. जास्त न्हाई, कमी न्हाई."

शाहिराचा चेहरा पडला. काठी आपटत तो उठला.

"मंग मलाबी त्या दिसाचं काय आठवत न्हाई!" असं म्हणून तो निघून गेला. भिवरानं त्याला हाक मारली नाही. हाक मारून सांगणार काय? पण ती दुपारपर्यंत काही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं गाव पाराभोवती जमलं. मापाऱ्यानं आपली पायली समोर पालथी ठेवली आणि घसा साफ केला.

"रीत पुन्ना एकदा सांगतो. माणूस दिसभर हजार शब्द बोलतो, सगळेच काय बांधून घालायचे नसतात. शब्द बांधला जातो तो कधी, ते मी चार गोष्टींनी मापतो. लाभ: कुणीतरी दुसऱ्याला नेमकं काय ते सांगितलं पायजे, मोघम न्हाई. दोन: दुसऱ्यानं तेच मान्य केलं पायजे, त्यानं काय बदललं, तर पहिल्यानं ते बदललेलं मान्य केलं पायजे. तीन: हातावर हात पायजे, म्हंजी ह्यानं काय द्यायचं आन् त्यानं बदल्यात काय द्यायचं. चार: दोघं मोठे, शुद्धीवर, राजीखुशीनं बोललेले पायजेत, धाक न्हाई, फसवणूक न्हाई, आन् काम पापाचं न्हाई. चारी भरले तर तो करार. एक जरी रिता राह्यला, तर पारावरनं मी काय करू शकत न्हाई."

आधी शाहिराची पाळी आली. तो म्हणाला, "इनामदारांनी घोडी देतो म्हनून शब्द दिला." मापाऱ्यानं भिवराला विचारलं, "तू तिथं हुतीस. काय ऐकलंस?"

"शाहीर आपल्या मनानं गायले. कुनी सांगितलं नव्हतं. गानं सरल्यावर धनी म्हनले, घोडी तुमाला दिली समजा."

गर्दीत कुजबुज झाली. शाहिरानं मान खाली घातली. मापाऱ्यानं शांतपणे मान हलवली.

"मंग तिसरं माप रितं हाय. गाणं घोडीसाठी गायलं नव्हतं, घोडी गाण्याच्या बदल्यात ठरली नव्हती. इनामदारांनी खूश होऊन दान बोललं. हातात दिलेलं दान परत घेता येत न्हाई, पर तोंडानं बोललेलं दान आम्हाला वसूल करून देता येत न्हाई. शाहीर, घोडी तुमची न्हाई." मग त्यानं इनामदारांकडे पाहिलं. "न देणं हा गुन्हा न्हाई, इनामदार. शोभतं का, ते तुमचं तुम्ही बघा. जनाची न्हाई तर मनाची तरी."

इनामदारांनी मनाची बाजू ऐकलीच नाही. ते खुशीत मिशीवरून हात फिरवत पुढे आले.

"झालं तर! बेटाचंही तेच. तोच झोपाळा, तोच विडा, तीच थट्टा. ना कागद केला, ना सुपारी फोडली."

"कागद शब्दाची आठवण ठेवतो," मापारी म्हणाला. "शब्द तो बनवत न्हाई. भिवरा, बोल."

भिवरानं घडलं तसं सांगितलं: कणग्या, वर्षं, दहा म्हटल्यावर तिनं मागितलेली बारा, "बरं, बारा" आणि "कबूल". मापाऱ्यानं शाहिराला विचारलं, "तुम्ही ऐकलंत का हे?"

शाहीर जमिनीकडे बघत म्हणाला, "मला काय आठवत न्हाई."

भिवराला आळीतली सात दारं दिसली, दारात रिकामे बसलेले सगळे दिसले. खोटं बोलली असती तर, असा विचार तिच्या मनात आला नाही असं कोण म्हणेल? आला. पण ती जागची हलली नाही.

"साक्षीदार न्हाई, म्हंजी करार नव्हता असं न्हाई," मापारी म्हणाला. "पर मापायला अवघड झालं खरं. इनामदार, एक सांगा. थट्टाच हुती, तर दहा कणग्या दारात आल्या तवा तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? भरल्या."

"थट्टेच्या कणग्यांत खरी ज्वारी?"

लोक हसले. इनामदारांना राग आला. हसण्यावर रागावलेला माणूस जिभेवरचा ताबा आधी सोडतो, आणि इनामदारांच्या जिभेला तर ताबा माहीतच नव्हता.

"भरल्या म्हणून काय झालं? मुळात त्या कणग्या तरी धड आहेत का? ठरल्यापेक्षा वीतभर बुटक्या आहेत! माझ्या उंचीच्या ठरल्या होत्या!"

मापाऱ्यानं डोळे मिटले आणि उघडले.

"काय म्हणालात? कशापेक्षा बुटक्या?"

शब्द बाहेर पडला होता आणि तो गावानं झेललाही होता. मागून एक म्हातारी ओरडली, "ठरल्यापेक्षा म्हने! थट्टेत वीत कुटनं आली वं?"

"म्हंजी ठरलं हुतं," मापारी म्हणाला. "किती कणग्या, किती उंच, सगळं. पहिलं माप भरलं. बारा वर्सांचं भिवरानं मागितलं, तुम्ही 'बरं' म्हणालात का?"

इनामदारांनी नजर पायलीकडे वळवली. मापारी थांबला. त्याला घाई कधीच नसायची.

"म्हणालो असेन," इनामदार शेवटी पुटपुटले.

"दुसरं भरलं. कणग्यांच्या बदल्यात बेटाची तोड, तिसरंबी भरलं. धाक कुणी दाखवला न्हाई, आन् विडा खाल्ल्यानं कुणाची शुद्ध जात न्हाई. चौथं भरलं."

"पण बुटक्या आहेत त्या!" इनामदारांनी आता तोच दोर घट्ट धरला. "करार म्हणता तर करार! तिनं तिची बाजू पुरी केली नाही, मग मी माझी का करू?"

"हे मात्र बोलणं रास्त हाय," मापारी म्हणाला. "माप कमी असंल तर भिवरा चुकली. भरलेली कणगी पोट काढती आन् खाली बसती, तिच्यावर मापायचं न्हाई. रिकामी आणा."

चौघांनी भिवराच्या दारातली अकरावी कणगी उचलून पारापाशी आणून उभी केली. इनामदार ताठ मानेनं तिच्याशेजारी उभे राहिले. सगळ्यांनी पाहिलं. कणगीचा काठ त्यांच्या टाळूच्या बरोबरीला आला होता, आणि टाळूच्या वर वीतभर पागोटं दिमाखात उभं होतं.

"बघा!" इनामदार म्हणाले. "वीतभर!"

मापाऱ्यानं एकदा कणगीकडे पाहिलं, एकदा पागोट्याकडे.

"इनामदार, उंची तुमची ठरली हुती. पागोटं उतरवा."

इनामदार भर गावात पागोटं उतरवणार? त्यांच्या बापानं उतरवलं नव्हतं, आज्यानं उतरवलं नव्हतं. एक तर पागोटं उतरवायचं, नाही तर हट्ट सोडायचा. इनामदारांचा हात पागोट्यापर्यंत गेला. तिथंच थांबला. मग हळूच खाली आला.

"राहू द्या," ते म्हणाले. "कणगी बरोबर आहे. बेट घे, भिवरा."

गावानं एकच गलका केला. मापाऱ्यानं पायली सुलटी केली, म्हणजे निवाडा झाला. "बेटाची जमीन इनामदारांची, तोड बारा वर्सं बुरूडआळीची. इनामदारांनी व्यापाऱ्याला आजच निरोप धाडावा, गाड्या जोडू नगा म्हणावं."

इनामदारांनी जाता जाता मोठेपणानं हात हलवला. "दहा कणग्यांत माझं भागलं. उरलेल्या दोन राहू दे, भिवरा."

"त्या दोन तुमच्या हायेत, धनी. बारा बोलले ते बारा देनार."

गर्दी पांगली तरी शाहीर पारावरच बसून होता. भिवरा त्याच्याजवळ गेली.

"रागावलीस?" त्यानं विचारलं.

"रागावले की. सात घरं उपाशी मरत हुती तुमच्या रागापायी."

"चुकलं माझं, आक्का. मला समदं आठवत हुतं." "पर मला एक कळंना. तू माझ्याबाजूनं बोलली असतीस, तर दोघांचंबी भलं झालं असतं."

"आन् मापारीबाबांनी तुमालाबी असंच खोदून खोदून इचारलं असतं तर? तुमचं खोटं उघडं पडलं असतं, त्यासंगं माझं पडलं असतं, मंग माझ्या खऱ्या बोलन्याला कुनी हुंगलं असतं का? दादा, फुडल्या बारी आधी ठरवा, मंग गा. तुमचा गळा काय फुकटचा हाय व्हय?"

त्या दिवसापासून शाहीर कुणाच्याही दारात गेला की आधी बसायचा, पाणी प्यायचा आणि विचारायचा, "किती पदं, आन् बदल्यात काय?" लोकांना सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं व्हायचं, मग सवय झाली. त्याच्या वाटचं धान्य वाढलं, आणि रुसवेफुगवे कमी झाले.

भिवरानं चार दिवसांत बारावी कणगी पुरी केली आणि दोन्ही इनामदारांच्या अंगणात नेऊन ठेवल्या. पाचव्या दिवशी सकाळी आळीतली सात घरं कोयते घेऊन ओढा ओलांडून गेली. इनामदार बेटाच्या कडेला उभे होते. पहिला बांबू तुटला तसा त्यांनी सुस्कारा सोडला. मग भिवराच्या हाताकडे, तिच्या झपाझप चालणाऱ्या कोयत्याकडे ते बराच वेळ बघत राहिले.

"भिवरा," ते म्हणाले, "घरी कोंबड्यांना एक मोठं डालं हवं होतं. विणून देशील?"

भिवरानं कोयता थांबवला. "दीन की, धनी. केवढं, कवापत्तर, आन् बदल्यात काय?"

इनामदारांनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते एका दगडावर बसले, आणि जन्मात पहिल्यांदाच, बोलायच्या आधी विचार करू लागले.

तात्पर्य: खुशीत बोललेला शब्द दिलदाराच्या मनावर सोडावा लागतो, पण देणं-घेणं नेमकं ठरवून, दोघांनी राजीखुशीनं मान्य केलेला शब्द झोपाळ्यावरचा असला तरी पाळावाच लागतो. म्हणून शब्द देण्याआधी मोजावा, आणि दिल्यावर पुरा भरावा.